तीनशे पंधराचा फेरफार

आंबिलीचं मडकं कोपीत टेकवून भक्ती वळली आणि अपेक्षाच्या हातातली जड परात न घेताच तिच्या बाजूनं निघून गेली. दर येळवशीला, वेळा अमावास्येच्या शेतातल्या पूजेला, थोरली जाऊ धावत यायची आणि परात ओढून घ्यायची. “शहरातल्या हाताला झेपायची न्हाई,” म्हणायची. पालमला शहर म्हणणारी अख्ख्या तालुक्यात ती एकटीच. यंदा तिनं चेष्टाही केली नाही.

अपेक्षानं परात खाली ठेवली. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, शेंगा नि पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या भज्जीचं पातेलं. निसवायला आलेल्या ज्वारीच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्या टेकवून कोप उभी केलेली, आत चुन्यानं पांढरे केलेले पाच दगड, पाच पांडव. सगळं दरवर्षीसारखं. सासरे व्यंकटराव, घरचे तात्या, तीन वर्षांच्या निकिताला मांडीवर घेऊन हरभऱ्याचे घाटे सोलून देत होते. सासूबाई, चतुराबाई, पूजेचं ताट मांडत होत्या. आणि आदिनाथ, तिचा नवरा, बांधावर बसून पायातला काटा काढत होता. तो काटा काढतोय की दमून बसलाय, हे अपेक्षानं दोनदा वळून पाहिलं.

नऊ दिवस ती एक कागद पर्समध्ये घेऊन हिंडत होती. आज जेवणं झाली की तो भक्तीला दाखवायचा, असं ठरवून ती आली होती. कारण तो कागद ज्याच्यापर्यंत जायला हवा होता तो बन्सीधर, भक्तीचा नवरा. थोरल्या दिराशी धाकट्या सुनेनं समोरासमोर बोलायचं नाही, ही घरची रीत. लग्नाला सहा वर्षं झाली होती. बन्सीधरनं तिला उद्देशून एक शब्द उच्चारलेला नव्हता, तिनंही नाही. निकिताच्या वेळी रात्रंदिवस उशाशी बसलेली भक्ती हाच त्या दोघांमधला दरवाजा होता. आणि आज तो दरवाजा आतून लावलेला दिसत होता.

तीन वर्षांपूर्वी, निकिता चार महिन्यांची असताना, आदिनाथला रक्ताचा कॅन्सर निघाला. नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हा धीर दिला होता, ह्या प्रकारावर गोळी आहे. साऱ्या शरीराला न झोडपता नेमक्या बिघडलेल्या जागी जाऊन बसणारी. रोज एक, जेवणानंतर, तांब्याभर पाण्याबरोबर. ती गोळी घेऊन आदिनाथ पुन्हा शाळेत जाऊ लागला, पोरांना पाढे शिकवू लागला, आणि घरानं आजाराचं नाव घेणंच सोडून दिलं. चतुराबाई तर ‘आदूची ताकदीची गोळी’ म्हणायच्या. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यातला एक आकडा खाली खाली जायचा. सगळ्यांच्या वाट्याला तेवढंच आलं. तो आकडा डोक्यात घेऊन झोपणं एकट्या अपेक्षाच्या वाट्याला.

गेल्या पावसाळ्यात आकडा वर चढला. पुढच्या वेळी आणखी वर. डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पहिला प्रश्न टाकला, “गोळ्या चुकतात का? खरं सांगा.”

“एक बी न्हाई चुकली,” आदिनाथ म्हणाला.

परतीच्या एसटीत तिनं विचारलं, “खरंच?”

“तू बी?” एवढंच म्हणून तो खिडकीबाहेर पाहत राहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून तिनं गोळी स्वतःच्या हातानं द्यायला सुरुवात केली. तेवढ्यानं भागेना. गोळीनं त्याला मळमळायचं, पायात गोळे यायचे, हे तिनं पाहिलेलं. त्याच्या शर्टाचे खिसे चाचपले, मोरीचं भोक पाहिलं. मग एके दिवशी म्हणाली, “तोंड उघडा. जीभ वर करा.” तो हसला होता. “शाळेत जंताची गोळी दिल्यावर मी पोरांना असंच करायला लावतो,” म्हणाला, आणि तोंड उघडून दाखवलं. दुसऱ्या दिवशी हसला नाही, पण उघडलं. तीन महिने झाले. आता तिला म्हणावंही लागत नव्हतं. गोळी गिळली की तो तिच्याकडे वळून आपसूक तोंड उघडायचा, आणि ती पाहायची.

नऊ दिवसांपूर्वी मोबाइलवर रिपोर्ट आला. आदिनाथ शाळेत होता. तिनं प्रिंट काढून आणली आणि दवाखान्यातल्या बाईंना फोन लावून सगळं दोनदा विचारून घेतलं, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत, कारण तिकडून आवाज तुटत होता. फोन ठेवून पालमच्या घराचं दार उघडलं तर कडीला हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीची पिशवी अडकवलेली. पिशवी भक्तीची होती, पण जिन्यात कुणी नव्हतं. घाईत असतील ताई, असं समजून तिनं भाजी निवडली होती. आज परात न घेता गेलेली पाठ पाहून ती पिशवी तिला आठवली, पण धागा लागेना.

पूजा झाली. आंबील शिंपडून झाली. पंगत बसली.

“वाढ की तिला भज्जी,” चतुराबाई भक्तीला म्हणाल्या.

“घेतील त्या. त्यांना सगळं आपल्या हातानं घेता येतंय.”

अपेक्षानं मान वर केली. भक्ती पोळीवर तूप सोडत होती.

बन्सीधरनं घास खाली ठेवला. “तात्या,” तो म्हणाला, “आपल्या ह्या वावराचा गट नंबर काय?”

“खुळा झालास का? तीनशे पंधरा.”

“मग तीनशे पंधराचा फेरफार कुणी लावायलाय, ते जरा इचारा.”

“कुणाला इचारू?”

“बसलेत इथंच.”

तात्या हसले. एकतीस वर्षं तलाठी म्हणून जमिनी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढवलेला माणूस. “फेरफार लावायचा तर नोटीस आदी मला यील. जमीन माझ्या नावावर हाय आन् मी आजून जित्ता हाय. उंडा खायलाय, दिसंना का तुला?”

“मागच्या म्हैन्यात आदूनं तुमाला पालमला नेऊन सही घेतली.”

“ती पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची व्हती रे.”

“व्हती का? चष्मा व्हता का तवा डोळ्यावर?”

तात्यांचं हसू थांबलं.

“मी सांगते,” भक्ती म्हणाली. भांडायची सवय नव्हती तिला. “मी भाजी द्यायला गेले व्हते. दार लोटलेलं. आतून ह्या बाई फोनवर बोलायल्या व्हत्या. तीनशे पंधराला म्युटेशन झालंय, बरोबर ना म्हणून. मंग म्हणाल्या, भावाचं लागंल का. मंग म्हणाल्या, घरात आजून कुणालाच सांगितलं न्हाई, येळवस झाली की सांगते. मी खोटं बोलत आसंल तर ह्या पांडवांम्होरं सांगते.”

“म्युटेशन म्हंजे फेरफारच,” तात्या हळूच म्हणाले. जणू कुणी व्याकरण विचारलं होतं.

अपेक्षाला आधी हसू येईल असं वाटलं. मग तिनं आदिनाथकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता. रागानं नाही, तपासत. घास धरलेला हात तसाच, आणि डोळे तिच्या चेहऱ्यावर इकडून तिकडे फिरणारे. ही नजर तिला चांगली ओळखीची होती. तीन महिने ती त्याच्याकडे अशीच पाहत आली होती. तिच्या कानशिलांत ऊन भरलं.

“अपेक्षा,” तो म्हणाला, “काय हाय हे?”

एवढी माणसं गोल बसलेली, आणि तिच्या बाजूला कुणी नव्हतं. निकितासुद्धा तात्यांच्या मांडीवर. तिनं हात धुतले, पर्स ओढली, कागद काढला आणि आदिनाथला न देता तात्यांना दिला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. कदाचित त्याच्या हातात द्यायचा धीर झाला नाही म्हणून.

तात्यांनी चष्मा चढवला. इंग्रजी अक्षर अक्षर बोटानं जोडत वाचलं. “आदिनाथ व्यंकटराव. वय चौतीस. नमुना, रक्त.” मग बोट पुढच्या ओळीवर नेलं. “म्युटेशन डिटेक्टेड. टी, तीनशे पंधरा, आय.” त्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही पाहिली, तिथं काही नव्हतं. “हे वावराचं न्हाई,” ते म्हणाले.

“नाही,” अपेक्षा म्हणाली. “यांचं आहे. यांच्या रक्तातलं.”

ज्वारीवर पाखरं उतरली होती, पण कुणी उठलं नाही.

“कधी आला?” आदिनाथनं विचारलं.

“नऊ दिवस झाले.”

“मी रोज इचारत व्हतो.”

“हो.”

“म्हंजे गोळी...”

“चालत नाही आता. ही गोळी.”

त्यानं घास पानात ठेवला. अगदी नीट, कडेला, मुलांना ताट स्वच्छ ठेवायला शिकवावं तसा. तिला वाटलं, हे मी घरी सांगायला हवं होतं. दार लावून, जवळ बसून. नऊ दिवस रोज तो तोंड उघडायचा आणि रोज तिला वाटायचं, उद्या.

चतुराबाईंनी कपाळावर हात मारला. “चुकवल्या आसतील त्यानं. ल्हानपणापासून औषध थुंकतंय ह्ये. लिंबाच्या बुडाला थुंकायचं.”

“नाही आई,” अपेक्षा म्हणाली. “एकही चुकवली नाही. मीच...” ती आदिनाथकडे वळली. “मी उगीच संशय घेतला.”

आदिनाथनं वर पाहिलं नाही.

“मंग औषध काऊन थांबलं?” तात्या म्हणाले. “तीन वर्षं तर चाललं.”

फोनवरच्या बाईंनी सांगितलेलं तिनं नऊ दिवस मनात घोकलं होतं, पण ते इंग्रजीत होतं. आता ती मराठीत चाचपडू लागली. “ती गोळी एका ठरलेल्या खाचेत जाऊन बसते. बिघडलेल्या पेशी मग मरतात. पण त्या कोट्यवधी. त्यातल्या एखादीत ती खाच तयार करायचा जो मजकूर असतो ना, त्यात एक अक्षर बदललं. एकच. तीनशे पंधराव्या जागेवर खाच जराशी भरून आली, गोळी बसेना. बाकीच्या सगळ्या गोळीनं मेल्या. ही मेली नाही. मग हिला मोकळं रान मिळालं आणि हिचीच...”

“बोंडअळीवानी,” बन्सीधर म्हणाला.

त्यानं मान खालीच घातलेली होती. भक्तीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं.

“बीटी कापूस आला तवा अळी पानाला तोंड लावली की मरायची,” तो जमिनीशी बोलावं तसं बोलत होता. “चार-सहा वर्षं फवारा बी लागला न्हाई. मंग गुलाबी अळी मरंना झाली. आमी दुकानदाराशी भांडलो, बियाणं खोटं दिलं म्हणून. बियाणं खरं व्हतं. अळी बदलली व्हती.”

“हो,” अपेक्षा तात्यांकडे पाहत म्हणाली. “तसंच.” नऊ दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी ते कळलं होतं, आणि ते बन्सीधरलाच.

तात्यांनी निकिताच्या केसांतलं हरभऱ्याचं टरफल काढलं. “एक इचारू का. मी आयुष्यभर दोन जातीचे फेरफार लिहिले. एक वारसाचा, बापाकडून लेकराकडं जातो, आपोआप. दुसरा मदीच काई घडलं म्हणून पडतो. ह्यो कोणचा?” त्यांचा हात पोरीच्या डोक्यावर थांबला होता.

फोनवर अपेक्षानं हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता. नवऱ्याची गोळी चालणार की नाही, ह्याच्याही आधी. त्याची लाज तिला अजून वाटत होती.

“वारसाचा नाही, तात्या. त्यांनाही तुमच्याकडून आला नाही, हिलाही त्यांच्याकडून जाणार नाही. फक्त त्यांच्या बिघडलेल्या पेशींमध्येच आहे तो.”

तात्यांनी मान हलवली, पोरीच्या हातात सोललेला घाटा दिला. “एका काना-मात्रेनं माणूस सातबाऱ्यावरनं उठलेला पाह्यलाय मी,” ते म्हणाले.

“मंग दुसरं औषध न्हाई का काई?” भक्तीनं विचारलं. ती उठून अपेक्षाजवळ आली होती, पण बसावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं.

“आहे. ह्या बदलावर चालणारी दुसरी गोळी आहे. मागवलीय, दहा-बारा दिवसांत येईल. पण डॉक्टर म्हणतात, तीही पुरी पडली नाही तर तेव्हा धावाधाव नको. सख्ख्या भावाचं रक्त जुळतं का ते आताच पाहून ठेवा. जुळलं, आणि वेळ आली, तर भावाच्या पेशी यांना देता येतात.” ती थांबली. “भावाचं लागेल का, म्हणून मी तेच विचारत होते.”

भक्तीनं पदर तोंडाला लावला.

चतुराबाईंचा चेहरा मात्र आवळला. “न्हाई,” त्या म्हणाल्या. “एक आंथरुणाला टेकायलाय, दुसऱ्याचं बी रगत काढता व्हय? बन्सी रानात राबणारा माणूस. त्याला काई झालं तर ह्या घरानं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

“आई, आत्ता नुसतं तपासायला, चमचाभर...”

“चमच्यानंच सुरू व्हतंय सगळं. तू शिकलेली हायस, तुला सगळं चमच्यात दिसतंय.”

घटकाभरापूर्वी सासूबाई तिच्या पानात भज्जी वाढायला सांगत होत्या. पण त्यांचंही खोटं नव्हतं; दोनच लेकरं होती त्यांना.

“आत्या,” भक्ती एकदम सासूला म्हणाली, “ते जातील. जात न्हाईत म्हणाले तर मी जाते. माझं जुळत आसंल तर माझं घ्या.”

“तुझं कसं जुळंल? तू सोनपेठची.”

“मंग ते जातील.”

पण बन्सीधर उठला होता. पान तसंच टाकून, कुणाकडे न पाहता, तो ज्वारीच्या कडेकडेनं विहिरीकडे निघाला. त्याच्या पाठीवरून अपेक्षाला काहीच वाचता येईना. राग असेल. लाज असेल. आईचा शब्द असेल. आदिनाथही उठला आणि दुसऱ्या बाजूला, कोपीमागं गेला.

भक्ती तिच्याजवळ बसली. “अपेक्षा, माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.”

“मी दार लावून बोलायला हवं होतं, ताई. नाहीतर उघडून.”

“आता ते तोंड दाखवायचे न्हाईत. माज्याशी सुदिक बोलायचे न्हाईत चार दिवस. मी ईचारते, पण मला काई सांगायचे न्हाईत.”

नांदेडच्या तपासणीचा गुरुवार तीन दिवसांवर होता. अपेक्षा उठली. आधी कोपीमागं जावं असं पायांना वाटलं. तिकडं गेले तर इकडचं राहून जाईल, हेही कळत होतं. ती विहिरीच्या वाटेला लागली. मागून चतुराबाई काहीतरी म्हणाल्या, भक्तीनं त्यांना अडवलं.

बन्सीधर थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडायच्या दगडी कुंडाजवळ, पाठमोरा उभा होता. ती दहा पावलांवर थांबली. डोक्यावर पदर घ्यावा म्हणून हात गेला. तिच्या अंगात ड्रेस होता. तिनं ओढणी घेतली.

“दादा.”

तो हलला नाही. त्याची मान मात्र ताठरली.

“मला विचारायला दुसरं कुणी राहिलं नाही, म्हणून मीच आले. तुम्ही नाही म्हणालात तरी मी कुणाला काही बोलणार नाही. पण नाही म्हणायचं तर आज म्हणा.”

पाखरं हाकलायला शेजारच्या वावरात कुणी डबा वाजवत होतं. डबा थांबला.

“कोण्या दिवशी जायचंय?” पाठमोऱ्यानंच विचारलं त्यानं. पण विचारलं तिलाच. तिथं दुसरं कुणी नव्हतं.

“गुरुवारी. नांदेडला.”

“जुळंल का?”

“चारात एक, असं म्हणतात.”

“त्याच्याहून कमी भरवशावर कापूस लावतो मी,” तो म्हणाला. मग जरा वेळानं, “भक्तीला बोलू नका. कान तिचे व्हते. बाकीचं माज्या डोक्यानं केलं.”

“आई...”

“आईला मी बघतो. सव्वासहाच्या गाडीला उभा राहतो. तुमी आदूपशी जा.”

ती परत फिरली. सहा वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता, आणि हे जाऊन ज्याला सांगावं असं माणूस कोपीमागं एकटं बसलं होतं.

आदिनाथ कडब्याला टेकून बसलेला. पायाशी तांब्या. जेवण अर्धवट राहिलं होतं तरी गोळीची वेळ झाली होती. पाकीट त्याच्या हातात होतं.

“दादा येतायत गुरुवारी,” ती म्हणाली.

“बरं.” त्यानं पाकीट उलटसुलट केलं. “ही घ्यायची का आता?”

“डॉक्टर म्हणाले, नवी येईपर्यंत बंद करू नका.”

“चालत नसली तरी?”

“बाकीच्या पेशींवर चालते. त्या तरी वाढायला नकोत.”

“मी घेत व्हतो, अपेक्षा.”

“माहीत आहे.”

“आता माहीत झालं,” तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं.

तिला खाली बसावंसं वाटलं, त्याच्या खांद्याला खांदा लावून. पण दोघांमध्ये तो तांब्या होता आणि तो कुणी उचलावा हे ठरत नव्हतं. मग त्यानं उचलला. गोळी जिभेवर ठेवली, मान मागे टाकून पाणी प्यायला. कोपीच्या पलीकडे निकिता आजोबांना विचारत होती, बाबा कुठं गेले.

तांब्या खाली ठेवून तो सवयीनं तिच्याकडे वळला आणि तोंड उघडून, जीभ वर करून थांबला.

तिनं मान फिरवली. ज्वारीकडे पाहत उभी राहिली, डोळे भरून आले तरी तिकडेच. तो तोंड मिटेल, मग बघू, असं म्हणत बराच वेळ थांबली. आणि बराच वेळ तिच्या मागे काही हललं नाही.